तिन्हीसांजेची तपासणी

नर्मदाबाई केळुसकरांचं पांढरं पातळ वाडीच्या तोंडाशी दिसलं की पोरं वाट फुटेल तिकडे पळत सुटायची. कुणी गोठ्यात शिरे, कुणी आजीच्या पदराआड दडे, आणि एक कार्टं तर सरळ फणसावर चढून बसलं होतं; त्याला उतरवायला बापाला शेतातून बोलवावं लागलं. बाईंना याचं वाईट वाटायचं का? मुळीच नाही. "पळतंय म्हणजे पाय बरे आहेत. लांबून मला ओळखलं म्हणजे डोळे बरे आहेत. निम्मी तपासणी झाली," असं त्या म्हणत आणि उरलेल्या निम्म्यासाठी पोराच्या मागे स्वतः धावत.

बाई मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. लहान वयात लग्न झालं आणि नवरा आणि तान्हा मुलगा दोघेही एकाच पावसाळ्यात गेले. मुलगा कशाने गेला ते कुणालाच सांगता येईना. "होता तोवर बरा होता," एवढंच जो तो म्हणे. हे वाक्य बाईंच्या डोक्यात जे रुतलं ते कायमचं. बरा होता हे ठरवलं कुणी? बघितलं होतं कुणी? भावाच्या घरी भांडी घासत आयुष्य काढावं अशी सगळ्यांची सोय होती, पण बाईंनी ती मोडली आणि मुंबई गाठून नर्सचं शिक्षण घेतलं. पंचावन्न साली त्या आचऱ्याला आल्या. गावातल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात डॉक्टर मालवणहून कधीमधी येत. बाकी सगळा कारभार बाईंचा.

आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की दर बुधवारी पाच वर्षांच्या आतली पोरं दवाखान्यात आणायची. आजारी नव्हे, बरी असलेली! गावाला हे पटेना. धडधाकट पोर औषधवालीकडे कशाला न्यायचं? त्यात बाई पोरांना काट्याला टांगलेल्या झोळीत घालून तोलायच्या. तोललेल्या पोराला दृष्ट लागते हे कुणालाही ठाऊक होतं. पण बाई हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी टेबलाच्या खणात काजळाची डबी ठेवली आणि झोळीतून काढलेल्या प्रत्येक पोराच्या गालावर तीट लावून द्यायला सुरुवात केली. सरकारने काजळ पुरवलं नाही, ते बाई घरी धरत. वाद घालण्यापेक्षा हे स्वस्तात पडलं. दोन वर्षांत बुधवारी दवाखान्यापुढे पाय ठेवायला जागा मिळेना.

आता एवढं सगळं केलेल्या बाईला नावं ठेवायची माझी इच्छा नाही, पण एक खोड त्यांच्यात होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांना आयांची बडबड खपत नसे. आई खोलीत असली की पोर जास्त रडतं आणि आई जास्त बोलते, असा त्यांचा ठाम समज. म्हणून आयांनी बाहेर ओसरीवर बसायचं, पोर आत सोडायचं. बाई वजन घेणार, पापणी ओढून रक्त बघणार, पोट दाबणार, घसा बघणार, तीट लावणार आणि दारातून पोर परत करणार. बापांना तर कुणी बोलावलंच नव्हतं. "मी बघितलंय ना? मग झालं," हा त्यांचा शेवटचा शब्द असे.

शेवंती ही पलीकडच्या वाडीतली, भातशेती करणाऱ्या सत्यवानची बायको. बोलायला भिडस्त. तिची मुलगी जानकी अडीच वर्षांची, गोल चेहऱ्याची, बुधवारी बाईंना बघून सगळ्यांत आधी किंचाळणारी. एकोणसाठ सालच्या दिवाळीनंतरच्या एका बुधवारी शेवंती ओसरी सोडून दवाखान्याच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"बाय, जरा आयकतास? ह्या चेडू तिनसांज झाली काय..."

"वजन वाढलंय तिचं. रक्त चांगलं आहे. मी सगळं बघितलं," बाई वर न बघता म्हणाल्या. गावात त्या पुस्तकी मराठीच बोलत. "तू मधे बोलू नकोस. पुढची येऊ दे."

शेवंती खिडकीपासून मागे सरली. पोर कडेवर घेतलं आणि घरी गेली. भिडस्त माणसाला एकदा गप्प केलं की ते परत तोंड उघडायला फार वेळ लावतं.

मार्गशीर्षात देवाचा कौल झाला आणि गावपळण ठरली. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर तीन-चार वर्षांनी आचऱ्याचा सगळा गाव तीन दिवस तीन रात्री घरंदारं सोडून शिवेबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कुणी पाऊल टाकत नाही. तेवढे दिवस गाव देवाचा. शिवेपलीकडे माळावर, नदीकाठी माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहतात आणि कामाधामातून सुटलेली माणसं गप्पा ठोकत, मासे भाजत, भजनं म्हणत मजेत दिवस काढतात.

बाईंनी आधी कुरकुर केली. दवाखाना बंद कसा ठेवायचा? पण गावात माणूसच नसेल तर दवाखाना कुणासाठी उघडा ठेवणार? शेवटी त्यांनी कपाटाला कुलूप लावलं, झोळीचा काटा आणि काजळाची डबी पिशवीत टाकली आणि गावाबरोबर निघाल्या. गावच्या मानकऱ्यांपैकी वयाने मोठे असलेले भाई म्हणून होते, त्यांनी बाईंसाठी खोप बांधून दिली. योगायोगाने ती शेवंती-सत्यवानच्या खोपीशेजारीच आली.

पहिल्याच दिवशी सूर्य बुडाला. अजून कुणी कंदील लावले नव्हते, माळावर करडा उजेड होता. बाई खोपीपुढे उभ्या राहून चूल कशी पेटवावी याचा विचार करत होत्या. तेवढ्यात जानकी समोरून आली. एक हात पुढे धरून, पाय घासत, सावकाश. ती सरळ आली आणि बाईंच्या गुडघ्यांना मिठी मारून उभी राहिली.

"आये," ती म्हणाली.

बाई विरघळल्या. चार वर्षांत या गावातलं एकही पोर आपण होऊन त्यांच्या अंगाला लागलं नव्हतं. "अगंबाई! झाली वाटतं सवय माझी?" असं म्हणत त्या खाली वाकल्या. आवाज ऐकताच जानकीने अशी काही किंकाळी फोडली की दोन खोपींतली माणसं बाहेर आली. ती उलट फिरली, पळायला गेली आणि चार पावलांवर मोकळ्या जागेत ठेवलेल्या घागरीवर आदळून पडली.

सत्यवान हसत हसत आला आणि त्याने पोरीला उचललं. "धांदरट आसा आमचा चेडू. तिनसांज झाली काय खंयय आपाटता."

बाई हसल्या नाहीत. पांढरं पातळ नेसून त्या उघड्यावर उभ्या होत्या आणि लांबून बघून पळणारी पोर त्यांच्या अंगावर चालत आली होती.

"तिन्हीसांज झाल्यावरच आपटते? दिवसा नाही?"

उत्तर शेवंतीने दिलं. ती चुलीपाशी बसली होती आणि तिने मान वर केली नाही. "मी खिडकीत उभी रवान ह्याच सांगत होतंय, बाय. तुमी म्हणालास, मधी बोलू नको."

नर्मदाबाईंना आयुष्यात बरेच लोक बरंच काही बोलले होते. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हटलं, मुंबईत मेट्रनने गावंढळ म्हटलं. ते सगळं त्यांनी झटकून टाकलं होतं. हे त्यांना झटकता येईना. त्या तिथेच चुलीपाशी मातीत बसल्या आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडातून माहेरची बोली बाहेर पडली.

"सांग, शेवंती. पयल्यापासून सांग. मी मधी बोलूचंय नाय."

मग शेवंती बोलायला लागली आणि खरोखर कुणी मधे बोललं नाही. पावसात जानकीला गोवर आला होता. सासूने पथ्य धरलं. मासळी नाही, तेल नाही, भाजीपाला नाही, नुसती पेज. गोवर गेला, पोर वाचली, म्हणजे पथ्य मानवलं. मग मानवलेलं पथ्य मोडायचं कशाला? पेज चालूच राहिली. पेजेवर अंग भरलं, वजनही वाढलं. पण दिवाळीपासून दिवस कलला की पोर आईचं लुगडं सोडीना. हाक मारली की आवाजाच्या रोखाने येई, हाक मारली नाही तर होती तिथेच बसून राही. सासू म्हणे काहीतरी सावट आहे. सत्यवान म्हणे धांदरट आहे. शेवंतीला दोन्ही पटत नव्हतं, पण तिसरं काय असेल ते तिला ठाऊक नव्हतं.

आणि बाईंना ठाऊक होतं. नेमकी इथेच सगळी गंमत आणि सगळं दुर्दैव. शेवंतीला दिसत होतं पण त्याचा अर्थ कळत नव्हता. बाईंना अर्थ कळला असता पण त्यांना ते दिसणारच नव्हतं, कारण त्यांचा बुधवार सकाळी दहाला भरायचा, लख्ख उन्हात. त्यांनी कंदील आणवून जानकीचे डोळे बघितले. पांढऱ्या भागावरची ओल गेली होती, कडेला फेसासारखा ठिपका दिसत होता.

"ह्या रातांधळेपण," बाई म्हणाल्या. "डोळ्यांक जां व्हया तां तिच्या अंगात उराक नाय. गोवरान खाल्ल्यान, उरलेला पथ्यान. आता औषध मिळाला तर सगळा भरान येतला. उशीर झालो तर बुबुळ फुटता, आणि मगे दिवसाचा पण दिसूचा नाय. कधीच नाय."

सत्यवानचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने पोरीला उराशी घट्ट धरलं.

औषध म्हणजे मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल. दवाखान्याच्या कपाटात त्याच्या चार बाटल्या होत्या आणि दवाखाना शिवेच्या आत होता. बाईंनी कंबरेची किल्ली चाचपली, कंदील उचलला आणि त्या गावाच्या दिशेने चालू लागल्या. माणसं बघत राहिली. भाई लगबगीने येऊन त्यांच्या बाजूने चालू लागले.

"नर्सबाय, खंय चललास?"

"दवाखान्यात. देवाला माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, पोरीच्या डोळ्यांसाठी आले होते."

"देव रागावचो नाय," भाई शांतपणे म्हणाले. "तो जाणतो आसा. तुमच्या वाटेत कोण आडवो येवचो नाय. पण उद्या ह्या गावातला एक जरी पोर आजारी पडला, तर नर्सबाय शीव ओलांडून गेली म्हणान पडला, असाच लोक म्हणतले. मगे तुमच्या बुधवाराक कोण पोरा धाडतलो?"

बाई थांबल्या. म्हातारा खोटं बोलत नव्हता. एका पोरीसाठी गावातली सगळी पोरं हातची घालवायची का? आणि गावासाठी ही पोर घालवायची का? किल्ली मुठीत धरून त्या शिवेच्या दगडापाशी उभ्या राहिल्या. त्यांना स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता. तो बुधवार, ती खिडकी, ते एक वाक्य. तेव्हा ऐकलं असतं तर आज पोर बरी झालेली असती.

"मालवणाक मिळतला काय ह्या तेल?" मागून सत्यवानने विचारलं.

"मिळेल. औषधांच्या दुकानात. पण लांब आहे..."

"होडयेक चोपडतत, तांच मा?"

"तेच, पण साफ केलेलं, बाटलीतलं. होडीचं आणलंस तर बघ!" बाई ओरडल्या आणि मग थोड्या नरमल्या. "तू जाशील? तुला कधी दवाखान्यात बघितलं नाही मी."

"माका कधी कोणी बोलवल्यान?" सत्यवान म्हणाला.

बाईंनी मुठीतली किल्ली कंबरेला परत खोचली. त्यांनी त्याच्याकडून औषधाचं नाव पाठ करून घेतलं आणि पहाट व्हायच्या आत सत्यवान मालवणच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी बाई स्वस्थ बसल्या नाहीत. आतापर्यंत त्यांनी पोरं बघितली होती, आता त्यांनी आईबापांना गाठायचं ठरवलं. आणि गावपळणीइतकी चांगली वेळ कुठली? एरवी शेतात, बाजारात, होडीवर असणारे बाप इथे झापांवर लोळत पडले होते. बाई खोपीखोपीतून फिरल्या, आत जाऊन बसल्या आणि एकच प्रश्न विचारत सुटल्या. तुमच्या पोराचं तुम्हाला काय वेगळं वाटतं? आधी सगळे लाजले. मग कुणीतरी म्हणालं, आमचा झील भिंतीची माती चाटतो. दुसऱ्याची मुलगी तोंड उघडं टाकून घोरते. एक बाप बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला की डाव्या बाजूने हाक मारली तर माझा पोरगा उजवीकडेच वळतो, मला वाटलं चेष्टा करतो. बाईंनी त्या पोराच्या डाव्या कानात बघितलं आणि कपाळाला हात लावला. बुधवारी त्यांनी हाच कान दोनदा बघितला होता, पण पोराला हाक मारून कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत बाईंचा घसा बसला. पहिल्यांदाच बोलून नव्हे, विचारून बसला होता!

तेलासारखीच कलेजीही डोळ्यांना चांगली, असं बाई म्हणाल्या होत्या, म्हणून भाईंनी आपल्या खोपीत कापलेल्या बकऱ्याची कलेजी शेवंतीकडे पाठवली. कलेजी म्हणजे पुरुषांचा मान, ती पोरांना कुणी देत नसे. शेवंतीच्या सासूने पथ्याचं नाव काढलं, तेव्हा भाई स्वतः आले. "वयनी, पथ्य गोवराक होता, गोवर गेलो," एवढंच म्हणाले आणि कलेजी शिजेपर्यंत तिथेच पान जुळवत बसले.

दिवस मावळायच्या आत सत्यवान परतला. पाय धुळीने माखलेले आणि बाटली कमरेच्या पंच्यात तान्ह्या पोरासारखी गुंडाळलेली. बाईंनी बूच उघडलं, वास घेतला, मान डोलावली. जानकीच्या तोंडात चमचा रिकामा केला आणि जानकीने तो बाईंच्या पांढऱ्या पातळावर परत केला. बाई तिचं नाक दाबून दुसरा चमचा घालायला निघाल्या. शेवंतीने त्यांचा हात धरला. होय, त्या भिडस्त बाईने नर्सबाईंचा हात धरला.

"माज्याकडे द्या. तिचा माका म्हायत आसा."

तिने मऊ भात घेतला, त्यावर बांगड्याचं फिकं सार ओतलं आणि चमचाभर तेल त्यात कालवलं. मासळीचा वास मासळीत गेला. कित्येक महिने नुसत्या पेजेवर राहिलेल्या जानकीने ताट चाटून पुसलं.

बाई बघत राहिल्या. "कर तुझ्या पद्धतीने," त्या म्हणाल्या. "पण चमचा मी सांगते तेवढाच. तेल चांगलं म्हणून जास्त नाही घालायचं, तेही बाधतं. आणि तिन्हीसांजेला तिच्यावर नजर तुम्ही दोघांनी ठेवायची. मला घरी दिसणार नाही ते."

गाव परत आला, चुली पेटल्या. पुढच्या बुधवारी दवाखान्याच्या दारात मोठा गोंधळ उडाला, कारण बाईंनी वेळ बदलून ऊन कलल्यावरची केली आणि आयांना आत बोलावलं. नुसतं आत नव्हे. काट्याचा आकडा आईने वाचायचा, वाचता येत नसेल तर बाई शिकवणार. पापणी ओढून रंग आईने बघायचा. आणि महिन्यातून एकदा बापाने पोर घेऊन यायचं, नाहीतर तीट मिळणार नाही. बापांनी आधी टिंगल केली. पण गालावर तीट नसलेलं पोर घेऊन घरी जायची हिंमत कोणत्या बापाची होणार? सहासष्ट साली बाईंची बदली झाली, तेव्हा त्यांना निरोप द्यायला स्टँडवर आलेल्यांत पोरं कडेवर घेतलेले बाप इतके होते की एस.टी.च्या कंडक्टरला वाटलं, आज कसली जत्रा आहे की काय.

पण ती खूप पुढची गोष्ट. तेव्हा पौष लागला होता आणि बाईंना रात्रीची झोप नव्हती. रोज सकाळी सत्यवान शेतावर जाता जाता दवाखान्याच्या दारात थांबे आणि सांगे. काल पण हात पुढे धरून चालली. काल कोंबडी ओळखली, पण पिल्लं नाही. काल दिवा लावायच्या आधी आजीच्या हातातला लाडू बघितला, पण तो लाडवाचा वास असेल. तो नेमकं बोलायला लागला होता, आणि बाई तोंडातून अवाक्षर न काढता ऐकत.

एका सकाळी तो म्हणाला, "आज तिनसांजेक तुमी येवा, बाय. आमका काय्येक सांगूचा नाय. तुमी येवन नुसत्या उभ्या रवा."

बाई गेल्या. सूर्य बुडाला होता, माडांच्या शेंड्यांवरचा उजेडही गेला होता. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जानकी शिंपल्या मांडून बसली होती. सत्यवान पडवीत, शेवंती दारात. कुणी दिवा लावला नव्हता आणि कुणी बोलत नव्हतं. बाई तुळशीच्या आड उभ्या होत्या, त्या एक पाऊल पुढे आल्या. ती हाताने चाचपत आली आणि गुडघ्यांना बिलगली तर? त्या मनात म्हणत होत्या, नको गो बाय, माझ्याकडे येऊ नको.

जानकीने मान वर केली. एक क्षण ती बघत राहिली. मग अंगण दणाणून सोडणारी किंकाळी फुटली, शिंपल्या उधळल्या, आणि पोर वाटेतली घागर चुकवून, पाट ओलांडून, गवताच्या उडवीला वळसा घालून गोठ्यात दिसेनाशी झाली. कुठेही अडखळली नाही.

नर्मदाबाई तुळशीच्या कट्ट्यावर मटकन बसल्या आणि पांढऱ्या पातळाच्या पदरात तोंड खुपसून हुंदके देऊन रडल्या. "पळाली गो शेवंती! माका बगून पळाली!"

शेवंतीचेही डोळे वाहत होते. सत्यवान पडवीतून उतरून आला. "निम्मी तपासणी झाली, बाय."

एरवी बाई लगेच पोराच्या मागे धावल्या असत्या. आज त्या उठल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि कट्ट्यावर थोडं सरकून दोघांना बसायला जागा केली.

"उरलेली निम्मी तुमच्याकडे आसा," त्या म्हणाल्या. "बसा. ह्या आठवड्यात काय काय बगलास, तां सांगा."